डाव्या पायाचा हिशेब

माझी गाडी पहिल्या पिढीची ऑक्टेव्हिया आरएस. २००४ मध्ये भारतीय बाजारात आलेलं ते मॉडेल, शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेलं. १.८ लिटरचं इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, टर्बो, पाच गिअर. कागदावर १५० पीएस आणि २१० न्यूटन-मीटर टॉर्क. आजच्या हिशेबाने हे आकडे कुणाला फार वाटणार नाहीत, पण इतक्या वर्षांनंतरही ती माझी रोजची गाडी आहे: सकाळी धायरीहून हिंजवडी, संध्याकाळी हिंजवडीहून धायरी, आणि पाऊस बरा असेल तर एखाद्या रविवारी ताम्हिणी.

तिचा ईसीयू रिमॅप करून घेतल्यावर टॉर्क २८०च्या आसपास गेला आणि कंपनीचा क्लच कमी पडायला लागला. मग सुरू झाला सल्ल्यांचा मोसम. ऑफिसातले, गॅरेजमधले, मित्रांचे मित्र, सगळ्यांना माझ्या गाडीत कोणता क्लच बसला पाहिजे हे माहीत होतं. गंमत अशी की त्यातला प्रत्येक जण उजव्या पायाबद्दल बोलत होता. गाडी किती पळेल, सिग्नलवरून कशी सुटेल, वगैरे. नवले पुलापासून वारजेपर्यंत पाच पावलं पुढे, थांबा, पुन्हा पाच पावलं, हे करताना डाव्या पायाचं काय होणार, हे फक्त आमच्या भोसरीच्या मिस्त्रीकाकांनी विचारलं. त्यामुळे पुढचे बोल बरेचसे त्या पायाच्या बाजूने आहेत.

१. आधी क्लच खरंच घसरतोय का ते बघा.

टर्बो गाडीचा क्लच पहिल्या गिअरमध्ये चुगली करत नाही. खालच्या गिअरमध्ये इंजिन झपकन वर जातं, टॉर्कचा काही भाग त्याचे स्वतःचेच फिरते भाग वेगात आणण्यात जातो, जास्त झालंच तर पुढची चाकं फिरतात. खरी परीक्षा चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये होते. रस्ता मोकळा, थोडा चढ, इंजिन २०००च्या आसपास, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. टर्बो भरला की साधारण अडीच-तीन हजारांवर टॅकोमीटरचा काटा एकदम उडी मारतो आणि स्पीडोमीटरचा काटा मात्र आपल्या जागी शांत असतो. पाय उचलला की दोघं पुन्हा जुळतात. हाच क्लचचा स्लिप. जळका वास त्यानंतर येतो, आणि वास येईपर्यंत थांबलात तर फ्लायव्हीलही भाजलेलं असतं.

हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच सोडायची गॅरेजची जुनी तपासणी इथे पुरत नाही. इंजिन बंद पडलं म्हणजे क्लच चांगला, असं त्यात मानतात. माझ्या गाडीचं इंजिन दर वेळी आज्ञाधारकपणे बंद पडायचं. ती तपासणी संपलेला क्लच पकडते, टॉर्कला कमी पडणारा नाही.

आणखी एक. क्रँकच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल पाझरून क्लच प्लेटवर आलं तरी लक्षणं हीच असतात. तसं असेल तर दुप्पट महागडा क्लच टाकूनही महिन्या-दोन महिन्यांत तुम्ही पुन्हा तिथेच याल.

२. हॉर्सपॉवर बाजूला ठेवा, टॉर्क विचारा.

क्लचला पॉवरशी देणंघेणं नसतं. त्याला कळतो फक्त पीळ. माझ्या इंजिनाचा मूळ २१० न्यूटन-मीटर टॉर्क १७५० पासून ४६०० आरपीएमपर्यंत जवळजवळ सपाट आहे. टर्बोची खरी मजा तीच आणि क्लचचा खरा त्रासही तोच. विनाटर्बो पेट्रोल इंजिन वरच्या आरपीएमला जाऊन पॉवर काढतं, तिथे टॉर्क बेताचाच असतो. म्हणून १४० पीएसची पण ३२० न्यूटन-मीटरची डिझेल गाडी क्लचचा जेवढा घाम काढते, तेवढा तिच्याहून जास्त पॉवरची वरच्या आरपीएमला पळणारी पेट्रोल गाडी काढत नाही.

क्लच विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच: किती न्यूटन-मीटर धरतो? दुसरा प्रश्न त्याच्या पाठोपाठ: हा आकडा क्रँकवरचा की चाकावरचा? डायनोवर मोजलेला चाकावरचा टॉर्क क्रँकपेक्षा कमी दिसतो, कारण गिअरबॉक्स आणि टायर आपला वाटा खातात. चाकावरचा आकडा क्रँकचा समजून क्लच घेतला तर राखीव जागा कागदावरच राहते.

३. एक छोटं गणित, वहीत मांडून बघा.

क्लच किती टॉर्क धरू शकतो हे चार गोष्टींवर ठरतं: घर्षणाचे पृष्ठभाग किती, घर्षणाचा गुणांक किती, प्रेशर प्लेट किती जोराने दाबते आणि घर्षणाच्या पट्ट्याची सरासरी त्रिज्या किती. चौघांचा गुणाकार. एका प्लेटला दोन बाजू म्हणजे दोन पृष्ठभाग. साध्या ऑरगॅनिक अस्तराचा गुणांक ०.३ धरा, दाब ५००० न्यूटन, आणि २२८ मिलिमीटर प्लेटची सरासरी त्रिज्या ९५ मिलिमीटर, म्हणजे ०.०९५ मीटर. २ × ०.३ × ५००० × ०.०९५ = २८५ न्यूटन-मीटर. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, पण साधारण अशाच आकाराच्या क्लचचे आहेत.

२१० साठी २८५ म्हणजे भरपूर राखीव. २८० साठीही, वरवर बघता, पुरेसा. आता ऑफिस सुटल्यावर वाकडच्या कोंडीत अर्धा तास काढा. क्लच तापला, अस्तराचा गुणांक ०.३ वरून ०.२५ वर आला, की तेच उत्तर २३७ होतं. सकाळी थंड गाडी व्यवस्थित ओढते आणि संध्याकाळी कोंडीतून सुटून हायवेला लागल्यावर घसरते, याचं कोडं इथे सुटतं. मला तरी सुटलं.

दाब २५ टक्क्यांनी वाढवून ६२५० न्यूटन केला तर थंड असताना ३५६ आणि तापल्यावर २९७. माझ्या २८० ला तेवढं पुरतं. याच्यापुढे जे घेऊ ते कधी न वापरायच्या टॉर्कसाठी आणि रोज सोसायच्या पायासाठी.

या सूत्रात अस्तराचं क्षेत्रफळ कुठेच नाही, हे लक्षात आलं का? क्षेत्रफळ जास्त असलं की झीज कमी होते आणि उष्णता पसरते. धरायची ताकद त्याने वाढत नाही. 'मोठं अस्तर म्हणजे मजबूत क्लच' म्हणणाऱ्या दुकानदाराला मी नाना पेठेत हे समजावून सांगितलं; त्याने मला चहा दिला आणि तरी तीच प्लेट दाखवली.

४. स्टेज एक, स्टेज दोन, स्टेज तीन यांना कसलंही प्रमाण नाही.

एका कंपनीचा स्टेज दोन दुसरीच्या स्टेज एकपेक्षा मऊ असू शकतो. स्टेज एक म्हणजे बहुधा जास्त दाबाची प्रेशर प्लेट आणि ऑरगॅनिक प्लेट, पुढे केवलार किंवा मिश्र अस्तर, त्याच्या पुढे सिरॅमिकच्या वड्या, इतपत अंदाज बांधता येतो. त्यावरून पैसे देऊ नयेत. आकडा, अस्तर, हबला स्प्रिंग आहेत की नाही, दाब किती टक्के वाढवला आहे, हे चार प्रश्न लेखी विचारावेत. एका विक्रेत्याने मला उत्तर पाठवलं, "मॅडम, रेसिंग क्वालिटी आहे." तिथेच बोलणं संपलं.

५. अस्तरापैकी जे सगळ्यात साधं पुरेल ते घ्या.

ऑरगॅनिक अस्तर म्हणजे रेझिन, तंतू आणि मध्ये तांब्या-पितळेच्या तारा. याच्या दोन थरांमध्ये पातळ नागमोडी पत्र्याच्या स्प्रिंग असतात. प्लेट दाबली जाते तेव्हा त्या हळूहळू सपाट होतात आणि म्हणून क्लच लोण्यासारखा पकडतो. हाफ क्लचवर गाडी रांगू शकते ती या स्प्रिंगांच्या जिवावर. खूप तापलं तर ऑरगॅनिक अस्तर घसरतं, वास मारतं, पण थोडक्यात निभावलं तर थंड झाल्यावर पुष्कळदा सावरतं.

केवलार गुळगुळीत चालतं आणि झिजतही कमी. पण त्याला बसायला वेळ लागतो, आणि त्या काळात किंवा नंतरही एकदा जास्त तापलं की त्यावर काचेसारखी झिलई चढते; मग पकड गेली ती गेली. हायवेवर लांब पल्ला मारणाऱ्याने त्याचा विचार करावा. धायरी-हिंजवडी करणाऱ्याने करू नये असं माझं मत आहे.

सिरॅमिकच्या वड्यांचा क्लच, ज्यात पूर्ण पट्ट्याऐवजी चार किंवा सहा वड्याच असतात, त्याचा गुणांक ०.४५ च्या घरात असू शकतो. वरच्या गणितात तो टाका, दाब न वाढवताही उत्तर ४२७ येतं. कागदावर मोह पडेल असाच आकडा आहे. आमच्या एका मित्राने तो घातला. त्याच्या गाडीत मी कर्वे रोडने एकदा गेले. क्लच एक तर सुटलेला किंवा पकडलेला. मधलं काही नाही. प्रत्येक सिग्नलला गाडी झटका खायची, थरथरायची, मागच्या सीटवरच्या त्याच्या आईने शेवटी विचारलं, "अरे, तू अजून शिकतोच आहेस का?" तो पंधरा वर्षं गाडी चालवतोय. शिवाय त्या वड्या फ्लायव्हीलही खातात. ट्रॅकवर दिवस काढायचा असेल तर ती चीज उत्तम. पोरांना शाळेत सोडायचं असेल तर नाही.

६. दाब वाढवला की तो कुठेतरी जाणार.

२५ टक्के दाब वाढला की, बाकी रचना तीच असेल तर, पॅडलही जवळपास तेवढंच जड होतं. "ताई, हा क्लच आहे, व्यायामशाळा नाही," असं काकांनी मला ५० टक्के जास्त दाबाची प्लेट दाखवल्यावर सांगितलं. त्यांचं बरोबर होतं. दुकानाच्या काउंटरवर प्रेशर प्लेटच्या डायफ्रामची बोटं दाबून काही कळत नाही. त्याच क्लचची दुसरी कुणाची गाडी मिळाली तर कोंडीत अर्धा तास चालवून बघा. घरात आणखी कुणी गाडी चालवत असेल तर त्यालाही बसवा. माझा नवरा ही गाडी आठवड्यातून एकदा नेतो, त्याच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. निवडीत त्या गुडघ्याला माझ्याइतकंच मत होतं.

पॅडल जड झालं म्हणजे फक्त पाय दुखतो असंही नाही. मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडरची रबरं जास्त ताणली जातात. माझ्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये रिलीज बेअरिंग ढकलणारा पत्र्याचा फोर्क असतो, तो ज्या गोळ्यावर टेकतो तिथे झिजत झिजत गोळा आरपार बाहेर येतो. साध्या क्लचवरही हे होतं, जड प्रेशर प्लेटने ते लवकर होतं. आणि ज्याचा विचार कुणी करत नाही ते म्हणजे क्रँकचं थ्रस्ट बेअरिंग: पॅडल दाबलं की सगळा जोर क्रँकला पुढे ढकलतो आणि तो त्या पातळ बेअरिंगवर येतो. सिग्नलला गिअर टाकून, क्लच दाबून बसायची सवय असेल तर तो जोर मिनिटभर तिथेच. आता मी न्यूट्रल करून पाय खाली ठेवते. मागचा हॉर्न वाजवतो. वाजवू दे.

७. फ्लायव्हीलचा निर्णय क्लचच्या आधी होतो.

हा बोल लांब आहे, कारण पैसे इथेच जातात.

ऑक्टेव्हियासारख्या गाड्यांमध्ये ड्युअल मास फ्लायव्हील असतं. म्हणजे एक चाक क्रँकला, दुसरं क्लचला, आणि मध्ये वक्र लांब स्प्रिंग. इंजिनाचा प्रत्येक स्फोट हा एक धक्का असतो. त्या स्प्रिंग धक्के गिळतात आणि गिअरबॉक्सपर्यंत सरळसा पीळ पोहोचवतात. लुक या जर्मन कंपनीने १९८५ मध्ये त्याचं मोठं उत्पादन सुरू केलं आणि पुढे डिझेल गाड्यांत ते सर्रास आलं. गाडी गप्प चालते ती याच्यामुळे. पण स्प्रिंग थकतात, ग्रीस बाहेर येतं, दोन चाकांमध्ये जास्त लवचिकता येते. गिअरबॉक्स उतरवल्यावर हाताने फिरवून, हलवून बघायचं: कंपनीने दिलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फिरतंय का, डुलतंय का, पृष्ठभागावर निळे डाग आहेत का. त्याला लेथवर फेस मारून घेणं ही बहुतेक वेळा फसवणूक असते. ते तसं बनवलेलंच नाही.

नवं ड्युअल मास महाग. म्हणून बरेच जण एकसंध फ्लायव्हील बसवतात. फोक्सवॅगन कुटुंबातल्या जुन्या गाड्यांसाठी परदेशात एक जोडी वर्षानुवर्षं चालत आली आहे: कोराडो जी-६०च्या मापाचं एकसंध फ्लायव्हील आणि व्हीआर-६ इंजिनाची २२८ मिलिमीटरची प्रेशर प्लेट. स्वस्त, टिकाऊ, आणि दाब मूळ क्लचपेक्षा बरा. माझं ड्युअल मास डुलायला लागलं होतं, मी हीच वाट धरली.

पण तिच्यात दोन खाचा आहेत. पहिली, ड्युअल मासबरोबर येणाऱ्या क्लच प्लेटच्या हबला बहुधा स्प्रिंग नसतात, कारण धक्के गिळायचं काम फ्लायव्हील करतं. एकसंध फ्लायव्हीलवर तीच प्लेट बसवली तर धक्के गिळणारं कुणीच उरत नाही. एकसंध फ्लायव्हील घेताना स्प्रिंगच्या हबचीच प्लेट घ्यायची, आणि किट एकाच ठिकाणचं घ्यायचं. फ्लायव्हील एकाकडून, प्लेट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून, असं करायचं नाही. दुसरी, स्प्रिंगचा हब असूनही ड्युअल मासइतकी शांतता मिळत नाही. गाडी न्यूट्रलला उभी असताना गिअरबॉक्समधून दगड घोळवल्यासारखा खडखडाट येतो. पॅडल दाबलं की गप्प, कारण गिअरबॉक्सचा आतला शाफ्ट थांबतो. एसी लावून इंजिनावर भार आला की आवाज वाढतो. तो ऐकून दर थोड्या दिवसांनी कुणीतरी काच खाली करून सांगतं, "मॅडम, गाडीतून काहीतरी आवाज येतोय." हो, येतोय.

हलकं फ्लायव्हीलही मिळतं. ॲल्युमिनियमचं, इंजिन चटकन वर जातं, ऐकायला छान. रोजच्या गाडीत ते नको. वजन कमी म्हणजे साठवलेली ऊर्जा कमी, म्हणजे प्रत्येक वेळी सुटताना जास्त रेस द्यावी लागते नाहीतर इंजिन मरतं, म्हणजे क्लच जास्त तापतो. खडखडाट वर आणखी. जड, कंटाळवाणं, लोखंडी फ्लायव्हील कोंडीत मित्र असतं.

८. क्लच घेण्याआधी रिमॅप करणाऱ्या ट्यूनरला एक फोन करा.

टर्बो भरताना बूस्ट ठरलेल्या आकड्याच्या वर क्षणभर उडी मारतो आणि मग खाली येऊन स्थिरावतो. क्लच घसरतो तो बऱ्याचदा त्या उडीवर. चांगला ट्यूनर ती उडी कापू शकतो, आणि २२०० ते ३२०० च्या पट्ट्यात टॉर्क थोडा उतरवून वरच्या आरपीएमला पॉवर तशीच ठेवू शकतो. गाडी चालवताना फरक कळतो का? कळतो. पाठीला बसणारा तो धक्का जातो. गाडी काही हळू होत नाही. ज्यांचा मूळ क्लच अजून निम्मा शिल्लक आहे आणि घसरणं नुकतंच सुरू झालंय त्यांनी हे आधी करावं. गिअरबॉक्स उतरवण्यापेक्षा लॅपटॉप लावणं फार स्वस्त पडतं.

मी ते केलं होतं, आणि माझा मूळ क्लच आणखी बरेच महिने चालला.

९. क्लच मजबूत झाला की पुढची कमकुवत कडी शोधा.

ऑक्टेव्हियाच्या या पाच गिअरच्या बॉक्सचं कंपनीतलं नाव एमक्यू-२५०. त्यातला २५० हा आकडा न्यूटन-मीटरचा आहे. २८० वर मी आधीच त्याच्या बाहेर आहे. बॉक्स लगेच फुटत नाही, पण घसरणारा क्लच आतापर्यंत फ्यूजचं काम करत होता हे ध्यानात ठेवावं लागतं. या बॉक्सची एक प्रसिद्ध खोड आहे. डिफरन्शियलचं क्राउन व्हील रिव्हेटनी जोडलेलं असतं. झटके बसले की रिव्हेट तुटतं, आत फिरत फिरत बॉक्सच्या भिंतीला भोक पाडतं, आणि तेल रस्त्यावर. उपाय जुना आहे: रिव्हेट काढून बोल्ट बसवायचे. त्यासाठी बॉक्स उघडावा लागतो. माझ्या मते २८० न्यूटन-मीटरपर्यंत आणि सौम्य क्लचवर ते नाही केलं तरी चालतं, पण सिरॅमिकच्या वड्या घालणाऱ्याने ते केल्याशिवाय घालू नये. मित्राला मी हे सांगितलं. तो म्हणाला, बघू.

१०. गिअरबॉक्स उतरला की कंजूषपणा बंद.

मजुरी उतरवण्या-चढवण्याची असते. आत काय बदललं याने ती फारशी हलत नाही. म्हणून त्याच वेळी: रिलीज बेअरिंग, त्याची गाइड ट्यूब, फोर्क आणि तो टेकतो तो गोळा, क्रँकचं मागचं ऑइल सील, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे, जुने पुन्हा नाही. ते ताणले जाणारे असतात. क्लचचं हायड्रॉलिक ब्रेकच्याच टाकीतून तेल घेतं, तेव्हा तेही नवं भरून हवा काढून घ्यायची. सगळं मिळून क्लचच्या किमतीच्या तुलनेत किरकोळ.

आणि जुनी प्लेट मागून घ्या. अस्तर रिव्हेटपर्यंत झिजलंय, एकाच बाजूने झिजलंय, तेलकट आहे, की काळं चकचकीत झालंय, यावरून तुमच्या चालवण्याचं जे निदान होतं ते कुणी तोंडावर सांगणार नाही.

११. पहिले हजार किलोमीटर टर्बो विसरा.

नवं अस्तर आणि फ्लायव्हील एकमेकांना बसायला वेळ लागतो. शहरातलं थांबत-चालत जाणं त्याला बरं, कारण बसतं ते वारंवार सुटण्या-पकडण्याने. एक्स्प्रेसवेवर पुण्याहून मुंबईला एकाच गिअरमध्ये जाऊन ते होत नाही. या काळात पूर्ण ॲक्सिलरेटर नाही, चौथ्यात ओढणं नाही. स्वतःवर भरवसा नसेल तर ट्यूनरकडून तेवढ्यापुरता मूळ मॅप परत टाकून घ्यावा. मी तसाच टाकून घेतला. बसवण्याआधी फ्लायव्हीलवरचं गंज न लागण्याचं तेल ब्रेक क्लीनरने नीट पुसलं पाहिजे, आणि अस्तराला ग्रीसचा हात लागता कामा नये. हे मिस्त्रींना सांगायला अवघड वाटतं, पण सांगावं. आमचे काका रागावले नाहीत. हात दाखवले, स्वच्छ होते.

पहिल्या काही दिवसांत क्लच थोडा थरथरला किंवा पकडायची जागा किंचित सरकली तर घाबरू नका. हजार किलोमीटरनंतरही थरथर असेल तर मात्र पुन्हा दाखवा.

१२. क्लच घाटात मरत नाही, पार्किंगमध्ये मरतो.

सपाटीवरून सुटताना क्लचमध्ये जी उष्णता तयार होते ती इंजिनाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १५०० ऐवजी ३००० ला सोडला तर दुप्पट नाही, चौपट. चढावर त्यात गाडीचं वजन वर चढवायचं आणखी एक काम येतं. कात्रज किंवा खंबाटकीत लोक एकदा सुटले की चालत राहतात, त्यामुळे तिथे क्लच तेवढा भाजत नाही. चढावर हाफ क्लच करून गाडी अधांतरी धरणारे सोडून. त्यांनी हँडब्रेक वापरावा, तो त्यासाठीच असतो.

आमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे. उतार तीव्र, वर यायला जागा अरुंद, आणि माझी जागा अशी की गाडी रिव्हर्समध्ये उतारावर चढवावी लागायची. रिव्हर्स गिअर उंच पडतो, गाडी हळू सरकवायची असते, म्हणजे तो पूर्ण चढ क्लच घासत घासत. रोज सकाळी, थंड इंजिनावर, रेस देऊन. जुन्या प्लेटवर बोट ठेवून काका जे म्हणाले, "हे घाटाचं नाही ताई, हे पार्किंगचं," ते मी नंतर मान्य केलं. नवा क्लच बसल्याच्या आठवड्यात मी तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांना जागा बदलून द्यायला विचारलं. त्यांची गाडी ऑटोमॅटिक आहे, तळघरात ती उन्हापासून वाचेल, असा मुद्दा मी पुढे केला. ते तयार झाले, फक्त दिवाळीपर्यंत थांबा म्हणाले, कारण त्यांच्या जागेत सोसायटीचा मंडप लागतो. तोवर मी गाडी गेटबाहेर, चिंचेच्या झाडाखाली लावते आणि चिंचेचे डाग धुते.